बहिणीचा हिस्सा, बायकोचं नाव: सातबाऱ्याबद्दल बायका नेहमी विचारतात ते प्रश्न

मी वकील नाही. गेली काही वर्षं आमच्या तालुक्यातल्या बायकांसोबत तलाठी ऑफिस, तहसील, सब-रजिस्ट्रार असं फिरते, कागद वाचून दाखवते, अर्ज लिहून देते. तेच तेच प्रश्न परत परत येतात, कधी फोनवर, कधी लग्नाच्या मांडवात बाजूला घेऊन हळूच, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं. तुमची केस वेगळी असू शकते, सही करायच्या आधी किंवा कोर्टात जायच्या आधी वकिलाला कागद दाखवाच.

बायकांवर अन्याय म्हटलं की शिक्षण, पगार, मारहाण असे कितीतरी विषय आहेत, तुम्ही जमिनीवरच का अडून बसता?

कारण बाकीचं बरंचसं इथून सुरू होतं असं मला वाटतं. शेतात कोण असतं ते बघा ना, पेरणीला बाई, खुरपणीला बाई, कापूस वेचायला बाई, धार काढायला बाई, पण २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशभरातल्या वहिवाटदार खातेदारांमध्ये बायका साधारण १४ टक्केच निघाल्या. आणि नाव नाही म्हणजे नुसता मान नाही असं नसतं, पीककर्ज, पीएम किसानचे हप्ते, नुकसानभरपाई, आता तो शेतकरी ओळख क्रमांक, सगळं सातबाऱ्यावरच्या नावाला चिकटलेलं आहे. रोज शेतात राबणारी बाई सरकारी कागदावर शेतकरी नसतेच, ती शेतकऱ्याची बायको असते.

माझ्या डोक्यात हा विषय बसला तो माझ्या आत्यामुळे. आत्याने १९९७ साली भावांना हिस्सा सोडल्याची सही करून दिली, आनंदाने दिली, कोणी हात धरला नव्हता. २००३ साली तिला नवऱ्याने सोडलं, दोन लेकरं घेऊन ती माहेरी आली आणि गोठ्याशेजारच्या खोलीत राहिली, जिथे आधी पेंड ठेवायचे. तिला कोणी उपाशी ठेवलं नाही, पण ती ज्या शेतात रोज जायची त्याच शेताच्या बांधावरच्या बाभळीची फांदी तोडायची तरी भावजयीला विचारायची. ते विचारणं मी स्वतः ऐकलंय आणि अजून विसरले नाही.

कायद्याने मुलीचा हिस्सा नेमका किती?

मुलाइतकाच. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी वारस झाली, पण वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलगा जन्मतःच हिस्सेदार आणि मुलगी मात्र फक्त वडिलांच्या वाट्यातल्या वाट्याची वारस, असा फरक राहिला होता. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना जन्मतः हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. मग ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राची दुरुस्ती आली, तिच्यात लग्न झालेली-न झालेली असा भेदच नाही.

सोपं उदाहरण घ्या. वडिलोपार्जित ६ एकर, वाटणी झालेली नाही, वडील वारले, मागे आई, दोन मुलगे, एक मुलगी. चार सारखे वाटे, प्रत्येकी दीड एकर. आईचाही वाटा आहे हे लोक हमखास विसरतात! वडिलांनी स्वतः कमावलेली जमीन असेल आणि मृत्यूपत्र नसेल तरी हेच चार वाटे.

एक गोष्ट आवर्जून सांगते. हा हक्क कोणी सहज हातात दिलेला नाही, हिंदू कोड बिल रखडवलं गेलं हे बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा देताना दिलेल्या कारणांपैकी एक मोठं कारण होतं, त्यातल्या गोष्टी पुढे तुकड्यातुकड्याने आल्या आणि मुलीला पूर्ण बरोबरीने बसायला २००५ उजाडलं.

माझं लग्न १९८८ चं, आणि वडील २००१ लाच गेले. मला लागू होतं का?

लग्नाच्या तारखेचा आता काही संबंध नाही. वडिलांबद्दल खूप वर्षं गोंधळ होता, पण ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा खटल्यात सांगून टाकलं की मुलीचा हक्क जन्माने आहे, २००५ साली वडील हयात असायलाच हवेत असं नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रजिस्टर वाटणी किंवा कोर्टाच्या हुकुमाने वाटणी झालेली असेल, किंवा जमीन रीतसर विकलेली असेल, तर ती उकरता येत नाही. "आमची तोंडी वाटणी कधीच झालीय" असं नुसतं म्हणून भागत नाही, कोर्ट त्याला सहजासहजी धरत नाही. वडील १९५६ च्या आधीच गेले असतील तर प्रकरण वेगळं, ते वकिलालाच विचारा.

लग्नात एवढा खर्च केला, सोनं घातलं, तोच तिचा हिस्सा नाही का?

नाही. हुंडा देणं-घेणं १९६१ पासून गुन्हा आहे, मग गुन्ह्याचा पैसा वाटणीत कसा धरणार? आणि तो पैसा मुलीच्या हातात आला का हे विचारा, सासरच्यांनी घेतला, मांडववाल्याने घेतला, जेवणावळीत गेला. मुलाच्या लग्नातही खर्च होतो, त्याच्या दुकानाला, गाडीला, इंजिनिअरिंगच्या फीला पैसे जातात, ते कोणी त्याच्या वाट्यातून कापत नाही.

हिस्सा मागितला तर माहेर तुटेल ना?

सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न, आणि याला मी खोटं उत्तर देणार नाही. कधी कधी तुटतं. मी बघितलंय, दिवाळीला भाऊ आला नाही, भाचीच्या लग्नाची पत्रिका आली नाही, आईने फोनवर रडून "तू असं करायला नको होतं" म्हटलं. बाईला सासर कधी पूर्ण आपलं वाटत नाही, माहेर हीच एक जागा जिथे ती पाठ टेकते, आणि नेमकं त्याच जागेची भीती घालून तिच्याकडून सही घेतली जाते. साडीचोळी करून, गाडीतून नेऊन, सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसबाहेर उसाचा रस पाजून घेतात सही. प्रेमाने घेतात, आणि ते प्रेम खरं असतं, म्हणून तर नाही म्हणता येत नाही.

पण मी हेही बघितलंय की जिथे नाव लावायचं बोलणं वडील जिवंत असताना, सगळे एकत्र बसलेले असताना झालं तिथे फारसं काही तुटलं नाही. भांडणं होतात ती वडील गेल्यावर, तेराव्यानंतर, जेव्हा सगळे दमलेले असतात आणि कोणीतरी कागद पुढे करतं. म्हणून माझं कळकळीचं सांगणं, बोला लवकर. आणि नाव लावणं म्हणजे लगेच नांगर घालून वाटणी करणं नाही, हे भावाला स्पष्ट सांगा, निम्मी भीती तिथेच जाते. कसायला भावाकडेच राहू दे, पण नाव असू दे, कारण उद्याचं कोणाला माहीत.

वारस नोंद कशी होते आणि गडबड कुठे होते?

खातेदार वारला की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी) अर्ज द्यायचा असतो, मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ (खात्याचा उतारा), सगळ्या वारसांची नावं आणि पत्ते असलेलं प्रतिज्ञापत्र. उशीर झाला तरी नोंद होते, घाबरू नका. सरकारच्या ई-हक्क वेबसाईटवरून ऑनलाईन अर्जही करता येतो. मग फेरफार, म्हणजे नोंदीतला बदल, धरला जातो, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात, आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. २०२५ मध्ये सरकारने जिवंत सातबारा मोहीम काढली होती, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायला, तेव्हा आमच्या भागात कितीतरी बायकांना पहिल्यांदा कळलं की आजोबांचंच नाव अजून चाललंय.

गडबडीच्या तीन जागा आहेत. एक, प्रतिज्ञापत्रात बहिणींची नावंच लिहीत नाहीत. दोन, ए.कु.मॅ. म्हणून एकट्या मोठ्या भावाचं नाव लागतं, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, आणि पुढच्या पिढीला वाटतं तोच मालक. आणि तिसरी मला सगळ्यात जास्त खटकते, बहिणींची नावं "इतर हक्क" या रकान्यात टाकतात. मुलगे कब्जेदार सदरी, म्हणजे मालकांच्या रकान्यात, आणि मुली इतर हक्कात, जिथे बँकेचा बोजा आणि सोसायटीचं कर्ज लिहितात तिथे! बाईला वाटतं नाव लागलंय, ती निवांत राहते. आज सातबारा काढा, महाभूलेख या सरकारी वेबसाईटवर फुकट बघायला मिळतो, आणि आपलं नाव कोणत्या रकान्यात आहे ते डोळ्याने बघा. इतर हक्कात असेल तर कब्जेदार सदरी घ्यावं म्हणून तहसीलदारांकडे अर्ज करता येतो, लेखीच करा आणि पोच घ्या.

भावाने मला न सांगता नोंद करून घेतली. आता?

हरकतीची मुदत चालू असेल तर लगेच लेखी हरकत द्या, मग ती नोंद तक्रारी नोंद होते आणि सुनावणी लागते. मुदत गेली असेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील, साधारण ६० दिवसांत, आणि तुम्हाला उशिरा कळलं असेल तर उशीर माफीचा अर्ज सोबत जोडायचा. आपली चावडी या वेबसाईटवर गावातल्या फेरफाराच्या नोटिसा दिसतात, पुण्या-मुंबईत किंवा परदेशात राहणाऱ्या बहिणींनी अधूनमधून बघायला हरकत नाही. आणि हे लक्षात ठेवा, फेरफार हा महसुली नोंदीपुरता असतो, मालकी ठरवायचं काम दिवाणी कोर्टाचं, त्यामुळे नाव चढलं नाही म्हणून हक्क मेला असं होत नाही. जमीन विकायला काढली असेल तर मात्र वेळ घालवू नका, वकील गाठून वाटपाचा दावा आणि मनाई हुकूम मागा.

आधीच दोन एकर, त्यात बहिणींना दिली तर तुकडे होणार नाहीत का?

हा प्रश्न तीन भाऊ असतात तेव्हा कोणी विचारत नाही. खातं सामायिक ठेवता येतं, तुकडा पाडावाच लागतो असं नाही. बहिणीला तिच्या वाट्याचा मोबदला देऊन तिचा हिस्सा भावाने घेता येतो, पण तो खरा मोबदला असावा. खंडाने लावल्यासारखे वर्षाला काही पोती धान्य किंवा पैसे ठरवता येतात. काही घरांमध्ये हे छान चाललंय, लिहून ठेवलंय म्हणून चाललंय.

बायकोचं नाव नवऱ्याच्या जमिनीत लावता येतं का? तो जिवंत असताना?

येतं, आणि यासाठी पैसेही लागत नाहीत. लक्ष्मी मुक्ती योजना म्हणतात तिला. मूळ कल्पना शेतकरी संघटनेची, १९८६ साली नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड मोठं अधिवेशन झालं, त्यानंतर काही वर्षांत शरद जोशींनी शेतकऱ्यांना सांगितलं की बायकोच्या नावाने जमीन करा, आणि ज्या गावात १०० जण करतील ते लक्ष्मी मुक्ती गाव. हजारो शेतकऱ्यांनी केलं, कुठल्या कायद्याची सक्ती नसताना केलं, याचा मला फार अभिमान वाटतो. पुढे १९९२ साली सरकारने परिपत्रक काढलं, नवऱ्याने अर्ज दिला की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं.

दोन अटी समजून घ्या, अर्ज नवऱ्यानेच करायचा, आणि जमीन त्याच्या स्वतंत्र नावावर हवी, भावांसोबत सामायिक असेल तर अडतं. योजना बऱ्याच ठिकाणी कर्मचाऱ्यांनाही आठवत नाही, तेव्हा परिपत्रकाची प्रिंट घेऊन जा. नाव लागलं की तिच्या सहीशिवाय जमीन विकणं किंवा त्यावर बोजा चढवणं अवघड होतं, दारूपायी जमीन गेलेली घरं बघितली असतील तर याचं मोल कळेल. घराच्या नमुना ८ उताऱ्यावरही दोघांची नावं लावून घ्या, ते ग्रामपंचायतीतच होतं.

नवरा वारला, सासरचे म्हणतात तुला काही नाही, माहेरी जा.

जाऊ नका, निदान लगेच तरी नाही. नवऱ्याच्या वाट्यात विधवा, मुलं आणि सासू सारखे वारस आहेत. मूल नसलं तरी तुमचा हिस्सा आहे, आणि दुसरं लग्न केलं म्हणून मिळालेला हिस्सा परत जात नाही. घरातून काढत असतील तर कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खाली राहत्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो, त्यासाठी मालकी लागत नाही. तालुक्याला संरक्षण अधिकारी असतात, १८१ वर फोन केला तरी माहिती मिळते.

विदर्भ-मराठवाड्यात आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या बायकांचं तर फार वाईट होतं, जमीन सासऱ्याच्या नावावर, कर्ज सावकाराचं, आणि ही दुःखात असताना दीर कागद फिरवून मोकळे. कोल्हापूरच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. मला तो ठराव मनापासून आवडतो. त्याच ग्रामसभांमध्ये आणखी एक ओळ घालायला हवी, की गावात कोणी गेलं तर महिन्याभरात विधवेची वारस नोंद गाव स्वतः बघेल.

आम्ही हिंदू नाही किंवा आदिवासी आहोत, मग?

बौद्ध, जैन, शीख यांना हिंदू वारसा कायदाच लागू होतो. ख्रिश्चनांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा, त्यात मुलगा-मुलगी सारखे. मुस्लिम वारसा कायद्यात मुलीला साधारण मुलाच्या निम्मं, ते निम्मंही बऱ्याच घरात मिळत नाही. अनुसूचित जमातींना हिंदू वारसा कायदा थेट लागू नाही, रूढी बघतात, आणि रूढी म्हणजे बहुतेक वेळा पुरुष सांगतील ती. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात मुलीच्या वारसांना बरोबरीचा वाटा दिला, त्यामुळे आशा आहे. वनहक्काचा पट्टा मिळाला असेल तर २००६ च्या कायद्यानुसार तो नवरा-बायको दोघांच्या नावाने असायला हवा, पट्टा हातात घेताना तपासा.

गोव्यात तर पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याने साधारणपणे नवरा-बायकोची मिळकत निम्मी-निम्मी आणि मुलामुलींना सारखा वाटा. तिथल्या मैत्रिणी मात्र सांगतात की सह्या घ्यायची रीत तिकडेही आहेच.

वडिलांनी मृत्यूपत्र करून सगळं भावांना दिलं तर?

स्वतः कमावलेलं ते कोणालाही देऊ शकतात. वडिलोपार्जितमध्ये फक्त स्वतःच्या वाट्यापुरतं, तुमच्या वाट्याचं मृत्यूपत्र ते करू शकत नाहीत.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

बाईला उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा कायद्याने. तालुका कोर्टात विधी सेवा समितीचं ऑफिस असतं, किंवा १५१०० ला फोन करा. महाराष्ट्रात मिळकतीच्या वादात बाईला कोर्ट फीसुद्धा माफ आहे, १९९४ पासून.

मी भाऊ आहे. मला बरोबर वागायचंय, काय करू?

असे फोन येतात तेव्हा माझा अख्खा दिवस चांगला जातो. दादा, बहिणीला "तुला पाहिजे का" असं विचारू नका, ती नाहीच म्हणणार, तिला लहानपणापासून तेच शिकवलंय. वारस अर्जात तिचं नाव थेट लिहा आणि मग सांगा की लिहिलंय. गावात चार लोक हसतील, बायको कदाचित चिडेल, तिला तिच्या माहेरच्या हिश्श्याबद्दलही त्याच बैठकीत विचारा. आणि तुम्हाला मुलगी असेल तर तिला शेतावर न्या, बांध कुठला, विहिरीत पाळी कोणाची, मोजणीचा दगड कुठे आहे ते दाखवा. मुलाला हे आपोआप कळतं, मुलीला कोणी दाखवतच नाही, मग पुढे ती म्हणते मला शेतीतलं काही कळत नाही, नको मला.

मी तर हक्कसोडपत्रावर सही करून बसलेय. आता काहीच नाही का?

आधी बघा काय करून दिलंय. नुसतं स्टँपपेपरवर नोटरीसमोर लिहिलेलं असेल तर त्याने जमिनीतला हक्क सुटत नाही, हक्कसोड रजिस्टर लागतं. रजिस्टर असेल आणि फसवून, दमदाटीने, दुसराच कागद सांगून घेतलं असेल तर कळल्यापासून तीन वर्षांच्या आत आव्हान देता येतं. राजीखुशीने दिलं असेल तर ते दिलं, ते परत येत नाही.

पण एक दार असतं आणि ते बहुतेक बायकांना माहीत नसतं. आईचा वाटा. तुम्ही वडिलांच्या वेळी स्वतःचा हिस्सा सोडला, पण आईच्या नावावर जे आहे त्यात आई गेल्यावर तुम्ही नव्याने वारस होता, जो हक्क अजून तयारच झाला नव्हता तो आधी सोडता येत नाही. म्हणून आईकडून भावाने घाईघाईने बक्षीसपत्र करून घेतलंय का तेवढं बघा.

मी स्वतः २००९ ला सही केली, चोवीस वर्षांची होते, मोरपंखी साडी मिळाली होती, ती अजून आहे. आईच्या नावावर १ एकर १० गुंठे आहे. ती आता ७१ वर्षांची आहे. मागच्या अक्षय तृतीयेला जेवणं झाल्यावर मी भावाला सगळ्यांसमोर विचारलं, आईच्या वाट्याला आपण दोघं ना? तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, हो, तुझं नाव लागेल. आईने तेव्हा काही म्हटलं नाही, पण रात्री तिने पेटीतून सातबारा काढला आणि माझ्याकडून वाचून घेतला, दोनदा.